संगणक आणि स्क्रीन यांच्यामधली जोडणी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांत बहुतेक प्रश्न एकाच विषयाभोवतीचे आहेत. संगणक नवा, स्क्रीन जुनी किंवा स्क्रीन नवी, संगणक जुना, आणि दोन्हींच्या मध्ये न बसणारी केबल. अडचण घराघरातली असल्यामुळे या अंकातील सदर पूर्णपणे तिलाच दिले आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या सभागृहातील प्रोजेक्टर जुना, पण चांगल्या स्थितीत आहे. त्याला फक्त व्हीजीए जोडणी असून छतामधून सुमारे पंधरा मीटर केबल टाकलेली आहे. संस्थेने घेतलेल्या नव्या लॅपटॉपला व्हीजीए पोर्टच नाही. जेल रोडवरून एक लहान कन्व्हर्टर आणला. त्यावर व्याख्यानाच्या स्लाइड कधी दिसतात, कधी मध्येच पडदा काळा होतो, आणि इंटरनेटवरचा चित्रपट तर मुळीच दिसत नाही. चालू असलेली सोय कंपन्यांनी काढून का टाकली? आम्ही आता प्रोजेक्टर बदलावा काय? (एका मराठी संस्थेचे कार्यवाह, रामबाग, इंदूर)

उत्तर : व्हीजीए ही जोडणी आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर आणली. त्या काळी मॉनिटर काचेच्या नळीचा असे. नळीतून निघणारा इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ फिरे आणि त्याची तीव्रता विजेच्या कमी-जास्त दाबावर ठरे. म्हणून संगणकाने लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी शून्य ते ०.७ व्होल्ट असा बदलता दाब तीन तारांतून पाठवायचा आणि ओळ कोठे संपली, चित्र कोठे संपले हे सांगणारे दोन संकेत वेगळ्या तारांतून द्यायचे, ही रचना त्या नळीसाठी अगदी योग्य होती.

सपाट एलसीडी स्क्रीन आल्यावर मात्र ती निरर्थक ठरू लागली. एलसीडीतील प्रत्येक पिक्सेलला, म्हणजे चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला, आपापला आकडा हवा असतो आणि संगणकाजवळ तो आकडा आधीपासूनच असतो. व्हीजीएमध्ये संगणक त्या आकड्याचा दाब करून पाठवतो आणि मॉनिटर तो दाब मोजून पुन्हा आकडा तयार करतो. या दुहेरी रूपांतरात एक पिक्सेल कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला याचा मॉनिटरला अंदाज बांधावा लागतो. जुन्या एलसीडी मॉनिटरवर ‘ऑटो’ बटण दाबले की चित्र क्षणभर डावी-उजवीकडे सरकून स्थिर होते, ते या अंदाजाच्या दुरुस्तीमुळेच. अंदाज थोडा चुकला तरी बारीक अक्षरांच्या कडा थरथरतात, आणि देवनागरीच्या वेलांट्या व अनुस्वार यांच्याबाबतीत तर हा दोष लगेच नजरेत भरतो.

यावर उपाय म्हणून आकडे आकड्यांच्याच रूपात पाठवणाऱ्या डिजिटल जोडण्या पुढे आल्या. मानके ठरवणाऱ्या व्हेसा या संघटनेने १९९७ मध्ये ‘प्लग अँड डिस्प्ले’ हे मानक काढले, पण ते फारसे चालले नाही. १९९९ मध्ये इंटेल, कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, एनईसी, फुजित्सू आणि सिलिकॉन इमेज यांच्या गटाने आणलेली डीव्हीआय मात्र रुजली. तिच्या यशाचे मोठे कारण असे की डीव्हीआयच्या एका प्रकारात, म्हणजे डीव्हीआय-आयमध्ये, डिजिटल संकेताबरोबर जुना ॲनालॉग, म्हणजे बदलत्या दाबाचा, संकेतही त्याच पोर्टमधून मिळे. जुना मॉनिटर असलेल्या माणसाला एक स्वस्त अडॅप्टर पुरे होई, त्यामुळे नवा संगणक घेताना तो अडत नसे. नव्या जोडणीने जुन्या सामानाला किती काळ सांभाळून घेतले, यावर तिचा स्वीकार गुणवत्तेइतकाच अवलंबून असतो, असे माझे मत या सगळ्या इतिहासावरून झाले आहे.

व्हीजीए मागे पडूनही टिकली ती तुमच्यासारख्या सभागृहांमुळे. लॅपटॉप चार-पाच वर्षांनी बदलतो, पण छतातली केबल आणि प्रोजेक्टर बदलत नाही, म्हणून लॅपटॉप बनवणाऱ्यांनाही ते पोर्ट ठेवावे लागत होते. अखेर डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग आणि एलजी डिस्प्ले यांनी मिळून व्हीजीए २०१५ पर्यंत संगणकातून काढून टाकण्याचा मनोदय जाहीर केला. २०१५ मध्ये आलेल्या इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर व्हीजीएचा थेट आधार संपला. त्यानंतरच्या ज्या संगणकांवर ते पोर्ट दिसते, त्यांच्या आत कन्व्हर्टरची चिपच बसवलेली असते. काढून टाकण्यामागची कारणे खरी होती. चिपमधले बाकी सर्व भाग लहान होत आणि कमी दाबावर चालत असताना ॲनालॉग दाब तयार करणारा भाग तसा लहान होत नाही; शिवाय ते जाड पोर्ट लॅपटॉपच्या बारीक कडेत मावतही नाही.

आता तुमच्या कन्व्हर्टरविषयी. नव्या लॅपटॉपवर एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच केबलमधून नेणारी डिजिटल जोडणी असते. तिच्यातून व्हीजीए काढणे म्हणजे केवळ पिना जुळवणे नव्हे. त्या लहानशा डबीत आकड्यांचा दाब करणारी चिप असते आणि तिला वीज लागते. ही वीज एचडीएमआयच्या अठराव्या पिनेवरून ५ व्होल्टवर मिळते, परंतु मानकानुसार लॅपटॉपने तेथे निदान ५५ मिलिअँपिअर एवढाच प्रवाह देणे बंधनकारक आहे. काही लॅपटॉप उदारपणे जास्त देतात, काही तेवढ्यावरच थांबतात. चिपला त्याहून अधिक लागले की पडदा मध्येच काळा होतो. म्हणून बाजूला मायक्रो-यूएसबीचे छिद्र असलेला कन्व्हर्टर घ्यावा आणि त्या छिद्रात चार्जरची किंवा लॅपटॉपच्याच यूएसबी पोर्टची वीज द्यावी. बहुतेक ठिकाणी काळ्या पडद्याची तक्रार एवढ्याने मिटते. दुकानात सांगताना ‘एचडीएमआयकडून व्हीजीएकडे’ असे दिशेसह सांगावे, कारण उलट दिशेचा कन्व्हर्टर दिसायला सारखा असला तरी तुमच्या उपयोगाचा नाही.

चित्रपट न दिसण्याचे कारण वेगळे आहे. डिजिटल जोडणीबरोबर इंटेलने विकसित केलेली एचडीसीपी ही नक्कल-प्रतिबंधक व्यवस्था आली. चित्रपट पुरवणारी सेवा आधी खात्री करून घेते की पलीकडचे उपकरण ही व्यवस्था पाळते. व्हीजीएला तशी खात्री देणे शक्यच नसल्यामुळे ती सेवा चित्र रोखून धरते. त्यात ना लॅपटॉपचा दोष आहे, ना कन्व्हर्टरचा. स्लाइड, छायाचित्रे आणि स्वतः चित्रित केलेले कार्यक्रम यांना ही अडचण येत नाही.

आणखी एक तपासणी करावी. व्हीजीएच्या पंधरा पिनांपैकी बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून प्रोजेक्टर आपली क्षमता संगणकाला कळवतो. छतातून टाकलेल्या स्वस्त केबलींमध्ये या दोन तारा पुष्कळदा नसतात. मग लॅपटॉप अंदाजाने काहीतरी रेझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची आडवी-उभी संख्या) पाठवतो आणि स्लाइडचा खालचा भाग कापला जातो किंवा अक्षरे पसरतात. अशा वेळी लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन प्रोजेक्टरचे मूळ रेझोल्यूशन स्वतः निवडावे. जुन्या प्रोजेक्टरमध्ये ते बहुधा १०२४ × ७६८ असते.

प्रोजेक्टरचा प्रकाश अजून पुरेसा असेल तर केवळ पोर्टसाठी तो बदलू नये. मात्र सभागृहाच्या रंगकामाचा किंवा छताच्या दुरुस्तीचा योग आला, तर त्याच वेळी रुंद पाइप टाकून घ्यावा, म्हणजे पुढे कोणतीही केबल ओढता येईल. पंधरा मीटर अंतरावर साधी तांब्याची एचडीएमआय केबल विश्वासाची नसते. तेथे प्रकाशतंतूची सक्रिय केबल टाकावी. तिच्या दोन टोकांपैकी एक संगणकाचे आणि एक प्रोजेक्टरचे असे ठरलेले असते आणि टोकांवर तसे लिहिलेले असते. छतात उलटी ओढली गेली तर सगळी मेहनत पुन्हा करावी लागेल, म्हणून ती ओढण्याआधी जमिनीवरच जोडून चित्र पाहून घ्यावे.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे. वसतिगृहातल्या मैत्रिणीचा टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर तिच्या लॅपटॉपवर चालतो, पण माझ्या लॅपटॉपवर लावला की काहीच दिसत नाही. दुकानदार म्हणतात की लॅपटॉपचे पोर्ट खराब आहे, मदरबोर्ड बदलावा लागेल. पोर्टमधून पेन ड्राइव्ह मात्र व्यवस्थित चालतो. (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, भंवरकुआ, इंदूर)

उत्तर : मदरबोर्ड बदलू नका. पेन ड्राइव्ह चालत असेल तर पोर्ट बहुधा निर्दोष आहे आणि त्यात चित्र पाठवण्याची सोय मुळातच दिलेली नाही.

टाइप-सी हे पोर्टच्या आकाराचे नाव आहे. २०१४ मध्ये हा आकार ठरला आणि त्याच वर्षी व्हेसाने त्यातून डिस्प्लेपोर्ट या आपल्या डिजिटल चित्र-जोडणीचा संकेत नेण्याची पद्धत जाहीर केली. तिला ‘ऑल्ट मोड’ म्हणतात. टाइप-सीच्या चोवीस पिनांमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. एरवी त्या यूएसबीसाठी राखलेल्या असतात. ऑल्ट मोडमध्ये लॅपटॉप आणि अडॅप्टर आधी आपसात बोलणी करतात आणि त्यांतल्या दोन किंवा चारही जोड्या डिस्प्लेपोर्टच्या ताब्यात देतात. पण ही सोय देणे ऐच्छिक आहे. ती देण्यासाठी ग्राफिक्स चिपपासून त्या पोर्टपर्यंत वेगळी वाट आखावी लागते, आणि किंमत कमी ठेवायची असलेल्या लॅपटॉपमध्ये उत्पादक ती वाट गाळतात. मैत्रिणीच्या लॅपटॉपमध्ये ती आहे, तुमच्या लॅपटॉपमध्ये नसावी.

खात्री करण्यासाठी पोर्टच्या शेजारची खूण पाहा. ‘डी’ आणि ‘पी’ ही दोन इंग्रजी अक्षरे एकत्र गुंफलेले चिन्ह असेल तर चित्र जाते. विजेच्या बाणाची थंडरबोल्टची खूण असेल तरीही जाते. केवळ यूएसबीचे त्रिशूळासारखे चिन्ह असेल, किंवा काहीच नसेल, तर मॉडेलचा पूर्ण क्रमांक घालून उत्पादकाच्या संकेतस्थळावरील तपशीलपत्रात ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द शोधा. तो टाइप-सीच्या ओळीत नसेल तर अडॅप्टर कितीही बदलले तरी उपयोग होणार नाही. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन पोर्टांची कामे एवढी वेगळी असावीत आणि त्यांवर धड खूणही नसावी, हा ग्राहकावर अन्याय आहे असे मला मनापासून वाटते. मानक ठरवणाऱ्यांनी खूण सक्तीची केली असती तर तुमच्यासारख्या विद्यार्थिनीला मदरबोर्डच्या खर्चाची भीती कोणी घालू शकला नसता.

लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट असेल तर मॉनिटर त्यालाच लावावा. दुसरा मॉनिटरही हवा असेल तर ‘डिस्प्लेलिंक’ प्रकारची चिप असलेला यूएसबी अडॅप्टर मिळतो. त्यासाठी लॅपटॉपमध्ये ड्रायव्हर, म्हणजे तो अडॅप्टर चालवणारा प्रोग्रॅम, टाकावा लागतो आणि लॅपटॉपचा प्रोसेसरच चित्र आकुंचित करून यूएसबीतून पाठवतो. लेखन, प्रोग्रामिंग यांसाठी तो ठीक चालतो. खेळ आणि व्हिडिओ संकलन यांसाठी घेऊ नये.

प्रश्न : जुना मॉनिटर फक्त डीव्हीआयचा आहे, नव्या संगणकाला एचडीएमआय आहे. मॉनिटर भंगारात द्यावा लागेल काय? (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : मुळीच नाही. डीव्हीआय आणि एचडीएमआय यांच्या चित्राचा संकेत एकाच पद्धतीचा आहे, त्यामुळे साध्या, चिप नसलेल्या केबलने काम होते आणि चित्राची गुणवत्ता तसूभरही कमी होत नाही. आवाज मात्र वेगळ्या स्पीकरमधून घ्यावा लागेल.

प्रश्न : मी घरून पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठे करतो. नव्या मॉनिटरला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट अशा दोन्ही सोयी आहेत, संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्डही आहे. कोणती केबल लावावी? एकाच कामासाठी दोन मानके का असावीत? मी लिनक्सही वापरतो. (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : डिस्प्लेपोर्टची केबल लावावी, आणि ती ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टमध्ये लावावी. दुसरी सूचना अनावश्यक वाटेल, परंतु कॅबिनेटच्या मागे वरच्या उभ्या पट्टीत मदरबोर्डचीही पोर्ट असतात. केबल तेथे लावली की एक तर चित्रच येत नाही किंवा पैसे मोजून घेतलेले कार्ड नुसते बसून राहते.

दोन मानकांमागे दोन उद्योग आहेत. एचडीएमआय डिसेंबर २००२ मध्ये दूरचित्रवाणी संच आणि करमणुकीची उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांकडून आली. हिताची, पॅनासॉनिकची तेव्हाची मूळ कंपनी मात्सुशिता, फिलिप्स, सोनी, थॉमसन, तोशिबा आणि सिलिकॉन इमेज या तिच्या संस्थापक होत. त्यांना टीव्हीच्या मागचे तारांचे जाळे कमी करून चित्र आणि आवाज एका केबलमध्ये आणायचे होते, म्हणून त्यांनी डीव्हीआयचाच संकेत घेऊन त्यात आवाज मिसळला. संगणकांच्या जगाला तेवढ्याने समाधान नव्हते. २००६ हे त्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष ठरले. मे महिन्यात व्हेसाने डिस्प्लेपोर्टची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, तर जुलैमध्ये इंटेल, ॲपल, सॅमसंग आदींच्या दुसऱ्या गटाने यूडीआय नावाचे प्रतिस्पर्धी मानक आणले. यूडीआय एचडीएमआयशी मिळतेजुळते होते, पण त्यात आवाज नव्हता. पुढच्याच वर्षी इंटेल आणि सॅमसंग यांनी त्याचा पाठिंबा काढून घेतला आणि ते बाजारात येण्याआधीच संपले.

डिस्प्लेपोर्ट टिकले त्याला त्याची अंतर्गत रचना कारण आहे. डीव्हीआय आणि एचडीएमआय यांनी सुरुवातीला जुन्या नळीच्या पद्धतीचेच अनुकरण केले: पिक्सेल ठरावीक गतीने, एकामागून एक, ओळीच्या शेवटी रिकामी जागा सोडत पाठवायचे. डिस्प्लेपोर्टने चित्राचे लहान-लहान पॅकेट केले, इंटरनेटवर माहिती जाते तसे. त्यामुळे एका केबलमधून अनेक मॉनिटरांची चित्रे नेणे शक्य झाले. २०१० च्या १.२ आवृत्तीपासून, सोय असलेले दोन मॉनिटर एकामागून एक जोडून संगणकाच्या एकाच पोर्टवर चालवता येतात. तुम्हाला एका स्क्रीनवर पान आणि दुसऱ्यावर मूळ हस्तलिखित ठेवायचे असेल तर ही सोय फार उपयोगी पडेल. लॅपटॉपच्या आत मदरबोर्डपासून स्क्रीनपर्यंत जाणारी तारही आज बहुतेक ठिकाणी डिस्प्लेपोर्टच्याच एका रूपाची असते.

लिनक्सचा, म्हणजे खुल्या स्रोताच्या (जिचा कोड कोणालाही वाचता येतो अशा) कार्यप्रणालीचा, उल्लेख तुम्ही केला, तो या निवडीत खरोखर महत्त्वाचा आहे. एचडीएमआय वापरणाऱ्या उत्पादकाला परवाना घ्यावा लागतो आणि प्रत्येक नगामागे शुल्क द्यावे लागते. शिवाय नव्या आवृत्तीचा तपशील सर्वांसाठी खुला नाही. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एएमडीने लिनक्ससाठीच्या खुल्या स्रोताच्या ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ ची पूर्ण सोय देण्याची तयारी केली होती, पण २०२४ मध्ये हे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने त्याला नकार दिला. ज्या मानकाची पूर्ण माहिती कोणत्याही प्रोग्रामरला उघडपणे वापरता येत नाही, ते मानक सार्वजनिक उपयोगाच्या यंत्रांसाठी अपुरे आहे, असे मी मानतो. डिस्प्लेपोर्टच्या बाबतीत तुम्हाला ही अडचण येणार नाही.

केबल घेताना एक काळजी घ्या. डिस्प्लेपोर्टच्या विसाव्या पिनेवर वीज असते, आणि मानकानुसार साध्या केबलमध्ये ती पिन दोन्ही टोकांना जोडलेली नसावी. काही स्वस्त केबलींमध्ये ती जोडलेली असते. मग मॉनिटरची वीज उलटी संगणकात शिरते. संगणक बंद केला तरी पंखा किंचित फिरतो, दिवा मिणमिणतो किंवा संगणक धड सुरूच होत नाही. असे दिसले तर इतर काही न तपासता आधी केबल बदला. डिस्प्लेपोर्टच्या टोकाला बहुधा खटका असतो. केबल काढताना तो दाबूनच काढावी, ओढू नये.

कधी अडॅप्टर लागलाच तर एवढे ध्यानात असू द्या : संगणकाच्या डिस्प्लेपोर्टपासून एचडीएमआय मॉनिटरपर्यंत स्वस्त अडॅप्टर चालतो, कारण बहुतेक संगणकांचे पोर्ट गरजेप्रमाणे एचडीएमआयचा संकेतही काढू शकते. उलट दिशेला, म्हणजे एचडीएमआय संगणकापासून डिस्प्लेपोर्ट मॉनिटरपर्यंत, चिप असलेला आणि वेगळी वीज घेणारा कन्व्हर्टरच लागतो.

प्रश्न : चार-के टीव्ही मॉनिटर म्हणून वापरतो. माउसचा बाण अडखळत चालतो आणि लाल अक्षरांच्या कडा विस्कटलेल्या दिसतात. संगणक चार वर्षांपूर्वी जुनाच घेतला होता. (निवृत्त बँक अधिकारी, टिळक नगर, इंदूर)

उत्तर : हा सर्व हिशेबाचा प्रश्न आहे, म्हणून तो करूनच पाहू. चार-के चित्रात ३८४० × २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे धरली तर सेकंदाला सुमारे ११.९ अब्ज बिट होतात. ओळींमधली रिकामी जागा मिळवली की एचडीएमआयच्या नेहमीच्या मापाप्रमाणे ही गरज सुमारे १४.३ अब्जांवर जाते. २००९ ची एचडीएमआय १.४ चित्रासाठी प्रत्यक्षात सुमारे ८.२ अब्ज बिटच नेऊ शकते. २०१३ ची २.० आवृत्ती १४.४ अब्ज नेते, म्हणजे चार-के आणि ६० चित्रे तिच्यात अगदी काठोकाठ बसतात.

तुमच्या संगणकाचे पोर्ट एचडीएमआय १.४ चे असावे, म्हणून तो सेकंदाला ३० चित्रेच पाठवतो आणि बाण अडखळतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (सेकंदाला किती चित्रे) ३० हर्ट्झ दिसला तर हेच निदान पक्के समजा. लाल अक्षरांचे कारण असे की काही वेळा संगणक किंवा टीव्ही ओझे कमी करण्यासाठी रंगाची माहिती प्रत्येक पिक्सेलला न देता चार पिक्सेलांना मिळून एकदाच देतो. चित्रपटात ते डोळ्यांना कळत नाही, पण रंगीत बारीक अक्षरांत स्पष्ट दिसते. संगणकाच्या मागे डिस्प्लेपोर्ट असेल, आणि ते १.२ किंवा पुढचे असेल, तर त्यापासून टीव्हीच्या एचडीएमआयपर्यंत चिप असलेला, ‘चार-के ६० हर्ट्झ’ असे स्पष्ट लिहिलेला अडॅप्टर घ्या. त्यानंतर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टसाठी वाढीव संकेताचा पर्याय शोधून सुरू करा. पुष्कळ टीव्हींमध्ये तो मुळात बंद असतो. डिस्प्लेपोर्ट नसेल तर रेझोल्यूशन १९२० × १०८० ठेवून ६० हर्ट्झवर काम करणे वयस्क डोळ्यांना अधिक सुखाचे पडेल.

नवा टीव्ही किंवा संगणक घेताना ‘एचडीएमआय २.१ आहे का’ एवढेच विचारून थांबू नये. त्या आवृत्तीतल्या बहुतेक सोयी ऐच्छिक असून, पूर्ण ४८ अब्ज बिटांची क्षमता नसलेल्या उपकरणावरही तो आकडा छापता येतो. कोणते रेझोल्यूशन, किती हर्ट्झला आणि कोणत्या पोर्टवर मिळते, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे.

प्रश्न : सोन्याचा मुलामा असलेल्या महाग केबलने चित्र अधिक सुंदर दिसते हे खरे काय? (राजवाडा, इंदूर)

उत्तर : नाही. डिजिटल संकेत पोहोचला तर पूर्ण पोहोचतो. केबल कमी पडली तर ठिपके चमकतात, चित्र तुटते किंवा दिसतच नाही. रंग अधिक गडद किंवा अक्षर अधिक ठळक करणे कोणत्याही केबलच्या हाती नाही. दीड-दोन मीटरसाठी साध्या, पण नीट बांधणीच्या केबलवर समाधान मानावे. फक्त चार-केच्या पुढचे किंवा १२० हर्ट्झचे काम असेल तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असे प्रमाणपत्राचे, मोबाइलने तपासता येणारे लेबल वेष्टनावर आहे ना, ते पाहून घ्यावे.

प्रश्न : टीव्हीला एचडीएमआय केबल लावताना बारीक ठिणगी उडाली आणि टीव्हीचे ते पोर्ट कायमचे गेले. संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. केबल खराब होती काय? (वाड्यात राहणारे एक वाचक, नारायण बाग, इंदूर)

उत्तर : केबलचा दोष दिसत नाही. घराच्या त्या सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा ते तुटले आहे. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन लहान कपॅसिटर असतात आणि त्यांचा मधला बिंदू कॅबिनेटला जोडलेला असतो. अर्थिंग असेल तर तेथील वीज जमिनीत निघून जाते. नसेल तर कॅबिनेटवर घरातल्या २३० व्होल्टच्या सुमारे निम्मा दाब साठून राहतो. प्रवाह अगदी कमी असल्यामुळे हाताला नुसत्या मुंग्या येतात. टीव्ही मात्र केबलवाल्याच्या तारेमुळे किंवा गच्चीवरच्या डिशमुळे जमिनीशी जोडलेला असू शकतो. एचडीएमआयचे टोक आत जाताना दोन्ही उपकरणांमधल्या दाबाच्या फरकामुळे एका क्षणात पोर्टमधून प्रवाह वाहतो, आणि जेमतेम काही व्होल्टांवर चालणारी त्यामागची चिप जळते. टोकाचे बाहेरचे धातूचे कवच आधी टेकावे अशी रचना असते खरी, पण तिरके घातलेले टोक ती रचना निष्फळ करते.

जुन्या वाड्यांमध्ये दोन पिनांचे सॉकेट अजून पुष्कळ आहेत आणि तीन पिनांचा प्लग अडॅप्टर लावून त्यांत बसवला जातो. तुमच्याकडे तसे असेल तर ते आजच बंद करा. जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि संगणक व टीव्ही शक्यतो एकाच, अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या. ते काम होईपर्यंत एचडीएमआय केबल लावण्यापूर्वी दोन्ही उपकरणांचे प्लग भिंतीतून काढा, टीव्हीची डिश किंवा केबलची तार सोडवा, मग एचडीएमआय लावा आणि सर्वांत शेवटी वीज द्या. नुसते रिमोटने बंद करणे पुरेसे नाही.